शाळेत परतणारे मूल आणि हजरत मूसा (अ.) यांच्या परतण्यातील बोध

सकाळची वेळ आहे. गणवेश घडी करून ठेवला आहे, डबा भरला आहे, दप्तर दाराशी आहे. आणि मूल अंथरुणातूनच म्हणते, "अम्मी, पोटात दुखतंय." काल संध्याकाळी ते गल्लीत खेळत होते. रात्री पोटभर जेवले होते. मग सकाळीच पोट का दुखावे?

अशा वेळी घरातील मोठी माणसे बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतात. "नाटकं पुरे झाली" असे म्हणून मुलाला ओढत शाळेच्या फाटकापर्यंत नेतात, किंवा "राहू दे आजचा दिवस" असे म्हणून दप्तर पुन्हा खुंटीला अडकवतात. पहिल्या मार्गाने मुलाची भीती त्याच्या पोटात तशीच राहते, तिला फक्त बोलण्याची बंदी होते. दुसऱ्या मार्गाने तीच भीती दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन येते, कारण एक दिवस टळला की पुढचा दिवस अधिक अवघड वाटतो. वाचकहो, या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे आणि तो आपल्याला पवित्र कुरआनातील एका थोर प्रेषिताच्या वृत्तांतात सापडतो. या लेखात आपण तो वृत्तांत समोर ठेवून दीर्घ काळानंतर शाळेत परतणाऱ्या मुलाविषयीचे आपले कर्तव्य समजून घेऊ या.

हा प्रश्न किती घरांचा आहे?

करोनाच्या काळात हा प्रश्न प्रत्येक घराचा झाला होता. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावी आणि शहरी भागातील आठवी ते बारावीचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 पासून भरू लागले. लहान वर्गांना डिसेंबरपर्यंत वाट पाहावी लागली. जानेवारी 2022 मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या आणि 24 जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने उघडल्या. जून 2020 मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीत घातले गेले, ते जून 2022 मध्ये तिसरीत बसले, पण वर्गातील बाकावर ते प्रत्यक्षात काही महिनेच बसले होते. मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत माग थांबले, कमाई थांबली, आणि ज्या घरात एकच मोबाईल होता तो वडिलांबरोबर बाहेर जात असे. अशा घरांतील मुलांसाठी ऑनलाइन शाळा ही केवळ ऐकलेली गोष्ट होती.

तो काळ मागे पडला. परंतु दीर्घ खंडानंतर शाळेत परतणारी मुले आजही आपल्या आजूबाजूला आहेत. ऊसतोडीसाठी पावसाळा संपताच गाव सोडणारी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारी कुटुंबे आहेत. क्षयरोगाच्या किंवा अन्य दीर्घ आजाराच्या उपचारात महिनोन्‌महिने घरी राहिलेली मुले आहेत. वडिलांच्या मृत्यूनंतर गॅरेजमध्ये किंवा मागावर बसवलेला मुलगा आहे. आईच्या बाळंतपणात धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी ठेवलेली आणि मग घरातच राहून गेलेली मुलगी आहे. कारणे वेगवेगळी आहेत, पण शाळेच्या दारात उभे राहिल्यावर या सर्वांच्या मनात येणारे प्रश्न सारखेच आहेत: मला काही येणार नाही. सगळे माझ्याकडे पाहतील. कोणी विचारले तर काय सांगू? माझा मित्र आता माझा राहिला असेल का?

मदयनहून परतणारे प्रेषित

हजरत मूसा (अ.) यांचा वृत्तांत पवित्र कुरआनात अनेक ठिकाणी आला आहे. तरुणपणी त्यांच्या हातून न कळत एक माणूस मारला गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाकडून एक हितचिंतक धावत आला आणि त्याने सावध केले, तेव्हा ते भयभीत अवस्थेत मिसर सोडून मदयनला गेले. तेथे एका वृद्ध गृहस्थाने आपल्या मुलीशी त्यांचा विवाह करून देताना आठ वर्षे चाकरीची अट घातली. दहा वर्षे पूर्ण करणे त्यांच्या इच्छेवर सोडले. सूरह अल्-कससमध्ये हा सर्व तपशील आहे. मुदत पूर्ण करून ते आपल्या कुटुंबासह निघाले, तूर पर्वताजवळ त्यांना आग दिसली आणि तेथे अल्लाहने त्यांच्याशी संवाद केला. ज्या भूमीतून ते जीव वाचवून पळाले होते, त्याच भूमीत परत जाण्याची आज्ञा त्यांना झाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. या आयतींचा मूळ विषय प्रेषितत्व आणि सत्याचे आवाहन हा आहे. एका प्रेषिताचे फिरऔनसमोर जाणे आणि एका मुलाचे चौथीच्या वर्गात जाणे या समान गोष्टी नव्हेत. परंतु अल्लाह भयग्रस्त दासाशी कसा बोलतो, त्याला कठीण कार्यासाठी कसा सिद्ध करतो, हे या आयतींतून दिसते आणि ज्यांच्या हाती मुलांची अमानत सोपविली आहे त्यांना त्यातून पुष्कळ शिकता येते. सूरह ताहाच्या 17 ते 47 या आयती या दृष्टीने क्रमाने वाचाव्यात.

हातातील काठीपासून सुरुवात

संवादाच्या आरंभी अल्लाहने आपल्या एकत्वाची, नमाजची आणि परलोकाची शिकवण दिली. त्यानंतर लगेच फिरऔनचा उल्लेख आला नाही. त्यापूर्वी एक साधा प्रश्न आला: उजव्या हातात काय आहे? अल्लाह सर्वज्ञ आहे; त्याला विचारण्याची गरज नव्हती. हजरत मूसा (अ.) यांनी उत्तर दिले की ही काठी आहे, तिच्यावर टेकतो, शेळ्यांसाठी पाने झाडतो आणि तिचे आणखीही उपयोग आहेत. ज्या वस्तूची त्यांना वर्षानुवर्षे सवय होती, जी त्यांच्या मेंढपाळीच्या दिवसांची सोबती होती, तिच्याविषयी ते मोकळेपणाने बोलले. आणि पुढे त्याच काठीतून अल्लाहने आपली निशाणी दाखविली.

आता आपण परतलेल्या मुलाशी काय बोलतो ते पाहा. पहिल्याच दिवशी त्याला विचारले जाते, "पाढे किती विसरलास? इतके महिने काय केलेस?" म्हणजे त्याच्या हातात जे नाही त्याची मोजदाद आधी होते. वास्तविक त्याच्या हातात काहीतरी असतेच. मागावर कांडी भरणाऱ्या मुलाला सुताचा आणि मजुरीचा हिशोब येतो. उसाच्या फडावरून आलेल्या मुलीने मोळ्या मोजल्या आहेत, दोन-तीन जिल्ह्यांतील रस्ते पाहिले आहेत, वेगळ्या वळणाची बोली ऐकली आहे. रुग्णालयात राहिलेल्या मुलाला औषधांच्या वेळा पाठ आहेत आणि वेदना सोसणे म्हणजे काय हे वर्गातील इतरांपेक्षा त्याला अधिक कळते. पालकांनी व शिक्षकांनी येथून सुरुवात करावी. मोळ्यांवरून बेरीज शिकवता येते, औषधांच्या वेळांवरून घड्याळ शिकवता येते. "मला काहीच येत नाही" असे मानणाऱ्या मुलाला आपल्या हातातील काठी दिसू लागली की त्याचा अर्धा संकोच जातो.

सुरक्षित जागी आधी सराव

त्यानंतर काठी खाली टाकण्याची आज्ञा झाली. ती सापासारखी हलू लागली आणि सूरह अल्-कससच्या 31 व्या आयतीनुसार हजरत मूसा (अ.) पाठ फिरवून धावू लागले, त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही. अल्लाहने त्यांना परत बोलाविले, भिऊ नका म्हणून धीर दिला आणि ती हातात घेण्यास सांगितले. पुढे फिरऔनच्या दरबारात जे घडणार होते त्याचा पहिला अनुभव त्यांना अशा ठिकाणी मिळाला, जेथे हसणारा कोणी नव्हता.

मुलालाही पहिला अनुभव अशाच ठिकाणी मिळावा. शाळेत जाण्याच्या आठवडाभर आधी एखाद्या संध्याकाळी त्याला घेऊन शाळेपर्यंत चालत जावे. वर्ग कोठे आहे, पाण्याचा नळ कोठे आहे, शौचालय कोठे आहे, ते दाखवावे. शक्य असल्यास वर्गशिक्षकांची शाळा सुटल्यानंतर भेट घ्यावी, म्हणजे पहिल्या दिवशी निदान एक चेहरा ओळखीचा असेल. झोपेची वेळ एकदम न बदलता रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणावी. इशाच्या नमाजनंतर घरातील टीव्ही आणि मोबाईल सर्वांसाठीच बंद झाले, तर फजरला उठणे मुलाला शिक्षा वाटणार नाही; ते घराचे वळण होईल.

मित्रांच्या प्रश्नांचीही तयारी घरीच करून घ्यावी. "तू इतके दिवस कुठे होतास?" हा प्रश्न हमखास येणार. मुलाने खोटे बोलू नये आणि सर्व काही सांगण्याचे बंधनही त्याच्यावर असू नये. "मी आजारी होतो, आता बरा आहे" किंवा "आम्ही बाहेरगावी होतो" एवढे एक खरे वाक्य पुरेसे आहे. ते वाक्य घरात दोन-चार वेळा म्हणून पाहिले की ऐनवेळी जीभ अडखळत नाही.

भीती बोलून दाखविण्याची मुभा

फिरऔनकडे जाण्याची आज्ञा होताच हजरत मूसा (अ.) यांनी आपली अडचण लपविली नाही. माझी छाती दडपते, माझी जीभ मोकळी चालत नाही, त्या लोकांचा माझ्यावर एक आरोप आहे आणि ते मला मारून टाकतील असे भय वाटते, अशा आशयाचे त्यांचे बोलणे सूरह अश्-शुअराच्या 12 ते 14 या आयतींत आहे. एक महान प्रेषित आपले भय शब्दांत सांगतो आणि अल्लाह त्याबद्दल त्याला दोष देत नाही. सूरह ताहाच्या 36 व्या आयतीत तर त्यांचे मागणे मान्य केल्याची घोषणा आहे.

यावरून हे कळते की भय वाटणे हा श्रद्धेचा अभाव नाही. म्हणून सात वर्षांच्या मुलाला "मुसलमानाचा मुलगा होऊन घाबरतोस?" असे म्हणणे योग्य नाही. त्याने त्याची भीती जात नाही, फक्त ती सांगण्याची त्याला लाज वाटू लागते. मग ती पोटदुखी, डोकेदुखी, रात्री अंथरूण ओले होणे, विनाकारण चिडणे अशा वाटांनी बाहेर पडते. ही पोटदुखी बहुतेक वेळा ढोंग नसते. मन घाबरले की पोटात खरोखरच कळ येते. एकदा डॉक्टरांना दाखवून शारीरिक कारण नाही याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर मुलाजवळ बसून शांतपणे विचारावे: शाळेतील कोणती वेळ सर्वांत अवघड वाटते? फाटकातून आत जाण्याची, वाचायला उभे राहण्याची, की मधल्या सुट्टीत एकटे पडण्याची? भीतीला नेमके नाव मिळाले की तिच्यावर उपाय करता येतो.

हजरत मूसा (अ.) यांनी त्या वेळी जी दुआ केली ती आपल्याला सूरह ताहाच्या 25 ते 28 या आयतींत मिळते. छाती विशाल व्हावी, काम सोपे व्हावे, जिभेची गाठ सुटावी आणि लोकांना आपले बोलणे समजावे, हे तिचे मागणे आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती लहानपणी पाठ केली आहे, पण ती परीक्षेची दुआ म्हणून. ती मुळात परत जाणाऱ्या, भ्यालेल्या माणसाची दुआ आहे. मुलाला तिचा अर्थ आपल्या भाषेत सांगा आणि ज्यांनी ती प्रथम केली त्यांनाही भय वाटले होते, हेही सांगा.

सोबतीची व्यवस्था

त्यांनी आणखी एक मागणी केली: माझा भाऊ हारून (अ.) यांना माझ्याबरोबर द्या, त्यांचे बोलणे माझ्यापेक्षा अधिक स्पष्ट आहे. अल्लाहने ती मागणी मान्य केली आणि भावाच्या साहाय्याने त्यांचे बाहू बळकट करण्याचे वचन दिले (सूरह अल्-कसस, आयत 34-35). अल्लाह एकट्या हजरत मूसा (अ.) यांनाही पुरेसा होता. तरीही त्याने माणसाला माणसाची सोबत दिली.

परतणाऱ्या मुलासाठी एक सोबती शोधून द्या. शेजारचा वर्गमित्र असो, चुलत बहीण असो, वरच्या वर्गातील समंजस मुलगा असो. शाळा सुरू होण्याआधी त्याला एकदा घरी जेवायला बोलवा. पहिले काही दिवस दोघांनी मिळून जावे आणि मधल्या सुट्टीत एकत्र डबा खावा. शिक्षकांनीही असे मूल शेवटच्या बाकावर एकटे न बसवता मनमिळाऊ मुलाजवळ बसवावे. वर्गातील इतर मुलांना सूरह अल्-हुजुरातच्या 11 व्या आयतीची शिकवण समजावून सांगावी: कोणी कोणाची टर उडवू नये, वाईट नावाने हाक मारू नये. उपचारामुळे केस गेलेल्या मुलाला किंवा वयाने मोठा असून खालच्या वर्गात बसलेल्या मुलाला पडलेले एक टोपणनाव त्याला शाळेपासून कायमचे तोडू शकते.

ज्या मुलाने या काळात वडील किंवा आई गमावली आहे, त्याची सोबत हे तर आपणा सर्वांवरील ऋण आहे. सूरह अद्-दुहामध्ये अल्लाहने प्रेषित मुहम्मद (स.) यांना त्यांच्या स्वतःच्या अनाथपणाची आठवण करून दिली आणि मग अनाथाशी कठोरपणे न वागण्याचा आदेश दिला. अनाथाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये माझ्या इतका निकट असेल, असे सांगताना प्रेषितांनी आपली दोन बोटे दाखविली, हे सहीह बुखारीत नमूद आहे. अशा मुलाची फी, वह्या आणि गणवेश यांची सोय करणे हे पुण्यकर्म आहेच. पण पालकसभेच्या दिवशी त्याच्यासाठी कोणीतरी जाऊन बसणे, हेही त्यात येते.

आधी केलेल्या उपकारांची आठवण

मागणी मान्य केल्यानंतर अल्लाहने हजरत मूसा (अ.) यांना त्यांचे बालपण आठवून दिले: नदीत सोडलेली पेटी, मागोमाग गेलेली बहीण, आईच्या कुशीत पुन्हा पोहोचणे, मदयनमधील वर्षे. ज्याने तेव्हा सांभाळले तो आताही सांभाळील, असा त्यातून दिलासा आहे. आपणही मुलाला त्याने पार केलेल्या गोष्टी सांगाव्यात. "बालवाडीत पहिल्या दिवशी तू माझा हात सोडत नव्हतास, आणि आठ दिवसांनी मलाच घरी जा म्हणालास." "सुई टोचताना तू कसा शांत राहिलास!" मुलाला स्वतःचे धैर्य आठवत नाही, ते त्याला दाखवून द्यावे लागते.

याच वृत्तांतात पालकांसाठीही एक बोध आहे. बाळाला नदीत सोडल्यावर हजरत मूसा (अ.) यांच्या आईचे हृदय रिते झाले होते आणि अल्लाहने त्या हृदयाला आधार दिला नसता तर गुपित उघड झाले असते, असे सूरह अल्-कससच्या 10 व्या आयतीत सांगितले आहे. पुढच्या आयतीत त्यांनी मुलीला मागावर पाठविले आणि तिने कोणाला कळू न देता दुरून पाहिले. मुलाला शाळेत सोडताना आईच्या मनाची अवस्था काहीशी अशीच होते, विशेषतः मूल आजारातून उठलेले असेल तर. पण आईच फाटकाशी रडू लागली, दहा वेळा मागे वळली, तर मुलाला वाटते की आत खरोखरच धोका आहे. सलाम करावा, दुआ द्यावी, घ्यायला कधी येणार ते सांगावे आणि निघावे. दिलेली वेळ मात्र पाळावी. काळजी घ्यावी, पण त्या बहिणीप्रमाणे थोडे दूर राहून.

कार्य रद्द झाले नाही

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अल्लाहने भीती ऐकली, सोबत दिली, जुने उपकार आठवून दिले, मी तुम्हा दोघांबरोबर आहे, ऐकतो आणि पाहतो असा धीर दिला (सूरह ताहा, आयत 46), आणि त्यानंतर पुन्हा जाण्याचीच आज्ञा केली. दया दाखविली, पण कार्य रद्द केले नाही. लेखाच्या आरंभी ज्या मधल्या मार्गाचा उल्लेख केला, तो हाच. मुलाची भीती खरी मानावी आणि तरीही शाळा टाळू देऊ नये. पूर्ण दिवस झेपत नसेल तर शिक्षकांशी बोलून पहिले काही दिवस अर्धा दिवस ठेवावा. आजारातून उठलेल्या मुलाला खेळाच्या तासातून सवलत मागावी. पण रोज जाणे हा नियम राहू द्यावा. जे कार्य सातत्याने केले जाते ते थोडे असले तरी अल्लाहला अधिक प्रिय असते, ही प्रेषितांची शिकवण हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितली आहे. रोजची वीस मिनिटे मोठ्याने वाचन आणि दहा गणिते, हे रविवारच्या चार तासांच्या धडपडीपेक्षा अधिक फळ देते.

येथे मिळवत्या मुलाच्या पालकांना एक विनंती आहे. शाळा बंद असताना मुलाच्या हाताला काम मिळाले, चार पैसे घरात आले, आणि आता ते थांबविणे जड वाटते, हे समजण्यासारखे आहे. परंतु चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे आणि आजच्या थोड्या मजुरीसाठी त्याचे उद्याचे सारे आयुष्य गहाण टाकणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मुलीच्या बाबतीत "आता घरकाम शिकली, शाळेचे काय" असा विचार करणाऱ्यांनी स्मरण ठेवावे की मुलींशी उत्तम वर्तन करणाऱ्यासाठी त्या मुलीच नरकाग्नीपासून आड ठरतील, अशी शुभवार्ता हदीसमध्ये आहे. तिच्या हातून पुस्तक काढून घेणे हे उत्तम वर्तन नव्हे.

शिक्षकांसाठी दोन आदर्श

हजरत मालिक बिन हुवैरिस (रजि.) सांगतात की ते आणि त्यांच्या बरोबरीचे काही तरुण प्रेषितांकडे शिकण्यासाठी आले आणि वीस रात्री राहिले. प्रेषित अत्यंत दयाळू होते. या तरुणांना घरची ओढ लागली आहे हे त्यांनी ओळखले, घरी कोण कोण आहे याची चौकशी केली आणि त्यांना घरी परत जाऊन तेथील लोकांना शिकविण्यास सांगितले. शिष्यांनी तक्रार केली नव्हती. गुरूंनी चेहरे वाचले. परतलेल्या मुलाचा चेहरा वाचणे हे शिक्षकाचे पहिले काम आहे, त्याची वही तपासणे हे नंतरचे.

दुसरी शिकवण वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी आहे. जो कुरआन अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुहेरी मोबदला आहे, हे हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनातून बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आले आहे. विचार करा, अडखळणाऱ्याला आपण हसतो आणि अल्लाह त्याला दुप्पट देतो! मकतबमध्ये महिन्यांनी परतलेला मुलगा हरकती विसरला असेल, तर उस्तादांनी त्याला सर्वांसमोर उभे करण्याऐवजी जवळ बसवून मागच्या धड्यापासून पुन्हा सुरुवात करावी. शाळेतही हेच करावे. मूल इयत्तेने पाचवीत असले तरी वाचनाने दुसरीत असू शकते. दुसरीच्या पुस्तकापासून आरंभ करण्यात लाज नाही. महाराष्ट्र शासनाने जुलै 2021 मध्ये 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम याच हेतूने आणला होता: नव्या इयत्तेचे धडे सुरू करण्याआधी मागचा पाया भरून काढणे. असा सेतू प्रत्येक परतणाऱ्या मुलासाठी आजही बांधता येतो.

पालकांना आपले हक्कही माहीत असावेत. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयोगटातील शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा त्याला हक्क आहे. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे या कायद्याने निषिद्ध आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना आवाज चढविण्याची गरज नसते. पण हे माहीत असले की मान खाली घालून परतण्याचीही गरज राहत नाही.

मोहल्ल्याची जबाबदारी

आपल्या मोहल्ल्यात शाळा सोडून बसलेली मुले किती आहेत, हे आपणास ठाऊक आहे काय? मशिदीच्या इमामांनी जूनच्या आरंभी एका जुमाच्या प्रवचनात हा विषय घ्यावा. कॉलेजात शिकणाऱ्या दोन-चार तरुण-तरुणींनी असर ते मगरिबच्या वेळेत तासभर या मुलांचे वाचन ऐकावे. त्यासाठी इमारत लागत नाही, एखाद्याच्या घराचा ओटाही पुरतो.

दोन-तीन आठवड्यांनंतरही मूल रोज रडत असेल, जेवण-झोप उडाली असेल, कोणाशी बोलत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे काही बोलत असेल, तर ते संस्कारांचे अपयश समजून लपवू नये. शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्यावे. टेली-मानस या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो; मुलाला मारहाण वा छळ होत असेल तर 1098 हा बालसाहाय्य क्रमांक आहे. उपचार घेणे ही प्रेषितांची शिकवण आहे आणि मनाचा आजारही आजारच आहे.

शेवटी संध्याकाळी मूल घरी आल्यावर काय विचारावे? "आज किती शिकलास?" हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. "डबा कोणाबरोबर खाल्लास?" हे विचारा. "आज कशाचे हसू आले?" हे विचारा. हजरत अनस (रजि.) वयाच्या दहाव्या वर्षापासून दहा वर्षे प्रेषितांच्या सेवेत होते. ते सांगतात की प्रेषितांनी त्यांना कधी साधे 'उफ्' म्हटले नाही. हे का केलेस, ते का केले नाहीस, असे कधी दरडावून विचारले नाही. दहा वर्षांत एकदाही नाही! आपल्याला निदान पहिल्या दहा दिवसांत ते जमवता आले पाहिजे.

हे अल्लाह, आमच्या मुलांची छाती विशाल कर, त्यांचे काम सोपे कर, त्यांच्या जिभेची गाठ सोडव. जी मुले शाळेच्या दारात घाबरून उभी आहेत त्यांना चांगली सोबत दे, आणि त्यांची भीती ऐकून घेण्याइतका धीर आम्हाला दे. आमीन.